बाटलीत थर धरताना: विनोग्राड्स्की स्तंभाच्या नोंदी

आधी काय करायचं होतं ते. तळ्याकाठचा गाळ, थोडा कागद, थोडं जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेटची पूड उंच पारदर्शक भांड्यात भरायची, वर पाणी ठेवायचं, भांडं उजेडात ठेवून द्यायचं. काही आठवड्यांत गाळात काळे, हिरवे, जांभळे, तांबूस पट्टे उमटतात आणि प्रत्येक पट्टा वेगळ्या जीवाणूंची वस्ती असतो. सर्गेई विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात ही पद्धत काढली. पाठ्यपुस्तकांत कृती चार ओळींत उरकलेली असते. त्या चार ओळींमध्ये जे राहून जातं, ते इथे आहे.

पैशांचा खर्च नगण्य. वेळ मात्र भरपूर जातो, आणि त्यातला बराचसा टाळता येण्यासारखा आहे.

३ जानेवारी. गाळ

काठावरचा वरवरचा तपकिरी चिखल घेऊ नका. तो बाजूला सारला की बोटभर खाली काळसर, मऊ गाळ लागतो आणि त्याला कुजक्या अंड्याचा हलका वास येतो. तोच हवा. वास हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे लागणारे जीवाणू तिथे आधीच कामाला लागलेले आहेत. बाहेरून काहीही ‘पेरावं’ लागत नाही. गाळासोबत त्याच तळ्याचं पाणीही आणलं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नेमकं याच मंडळींसाठी विष.

काड्या, पानं, शिंपले, खडे हाताने काढले आणि उरलेला गाळ जाड चाळणीतून घासून काढला. हे काम कंटाळवाणं आहे. जाडच चाळणी घेतली होती, त्याचा हिशेब फेब्रुवारीत चुकता झाला.

४ जानेवारी. भरणी

चार बाटल्या. एकच भरली असती तर जे दिसेल ते कशामुळे, हे कळलं नसतं.

क: कागद, जिप्सम, कार्बोनेट, सगळं.
ख: जिप्सम वगळून बाकी सगळं.
ग: कागद वगळून बाकी सगळं.
घ: ‘क’सारखीच, पण पूर्ण काळ्या कागदात गुंडाळलेली.

‘क’च्या उजेडाकडच्या अंगाला वरपासून खालपर्यंत काळ्या कागदाची एक उभी पट्टीही चिकटवली. तिचं कारण एप्रिलमध्ये.

कागद म्हणजे कार्बनची शिधा, सेल्युलोज. गुळगुळीत छपाईचा कागद घेऊ नये, त्यावर चिनी मातीचा किंवा चुनखडीचा लेप असतो. वर्तमानपत्राचा चालतो, पण त्यात लिग्निन बरंच असतं आणि ऑक्सिजन नसताना ते जवळजवळ सडतच नाही. कोरा टिपकागद किंवा गाळणकागद सर्वांत बरा.

खडूबद्दल एक सावधगिरी. फळ्यावरचे बरेच खडू आता जिप्समचे असतात, कार्बोनेटचे नाहीत. खडूवर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा. फसफसला तर कार्बोनेट. माझे फसफसले नाहीत. ‘ख’ बाटलीत तोच खडू गेला असता तर ‘जिप्समविना’ म्हणत जिप्समच भरलं गेलं असतं. शेवटी अंड्याची टरफलं उकळून, आतला पापुद्रा काढून कुटली.

कालवलेला गाळ पळीवाढा असावा. घट्ट असेल तर हवेचे पोकळ कप्पे राहतात. तळाच्या तिसऱ्या हिश्शात पूड-कागद घातलेला गाळ, त्यावर साधा गाळ, वर चार बोटं पाणी आणि झाकणाखाली थोडी मोकळी जागा. झाकण सैल. वायू तयार होणार आहे आणि त्याला वाट हवी.

६ जानेवारी. दगड

‘क’, ‘ग’ आणि ‘घ’च्या तळाशी पांढरट गोळे दिसू लागले. जिप्सम म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस घातलं होतं. रासायनिकदृष्ट्या दोन्ही कॅल्शियम सल्फेटच, पण प्लास्टरमधलं पाणी भाजून काढलेलं असतं. ओल मिळाली की ते पाणी परत घेतं आणि आवळतं. गाळात नीट न मिसळलेली पूड गोळे होऊन बसली.

उपाय सोपा होता: प्लास्टर आधीच पाण्यात कालवून घट्ट होऊ दिलं, वाळवलं, कुटून पूड केली. आता ते खरं जिप्सम. तिन्ही बाटल्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या, आणि तुलना बरोबरीची राहावी म्हणून ‘ख’सुद्धा.

जिप्समच का, मॅग्नेशियम सल्फेट का नको? चालतं, पण ते झटकन विरघळतं. जिप्सम एका लिटर पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. बाकीचं तळाशी साठा म्हणून पडून राहतं आणि जसजसं वापरलं जाईल तसतसं सुटत जातं. लांब पल्ल्याच्या बाटलीला हेच बरं.

१३ जानेवारी

पाणी निवळलं. गाळाचा वरचा पापुद्रा तपकिरी, खाली राखाडी. दाखवण्यासारखं काही नाही.

१९ जानेवारी. गाळ वर चढला

कागद घातलेल्या तिन्ही बाटल्यांत बुडबुडे अडकून गाळाचा अख्खा दट्ट्या वर उचलला गेला. ‘ख’मधलं पाणी झाकणाच्या कडेने बाहेर. कारण उघड होतं: कागद फार झाला. सेल्युलोज तोडणारे जीवाणू आंबवण करतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सुटतो. गाळ दाट असला की वायू वर निसटत नाही, साचतो आणि सगळं उचलतो.

जास्त खाऊ घालणं ही या कामातली सगळ्यात सोपी चूक आहे, आणि ती मोठ्या प्रमाणावरही झालेली आहे. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ या बंदिस्त काचघरात सप्टेंबर १९९१मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली. आतल्या मातीत सेंद्रिय माल भरपूर घातलेला होता. मातीतल्या जीवाणूंनी तो खाताना ऑक्सिजन संपवत नेला आणि हवेतलं त्याचं प्रमाण २०.९ टक्क्यांवरून साडेचौदावर आलं. कार्बन डायऑक्साइड मात्र त्या हिशेबाने वाढलेला दिसेना. तो बांधकामातल्या काँक्रीटने शोषून कार्बोनेट करून टाकला होता. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

बाटलीवरचा उपाय: बारीक सळई कडेने तळापर्यंत घालून हळूच फिरवली, वायू निघाला, गाळ बसला. तुम्ही भरताय तर लिटरभर गाळाला सैल मूठभर कातरलेला कागद पुरे. मी याच्या तिप्पट तरी घातला होता.

२९ जानेवारी. काळं

‘क’ आणि ‘घ’ तळापासून काळ्या होत चालल्या. शाईसारखा काळा नव्हे, मखमली. ‘ख’ राखाडीच. ‘ग’मध्ये तळाशी नुसते ठिपके.

चारही बाटल्या भरल्याचा पहिला मोबदला हा. सल्फेटचं सल्फाइड करणारे जीवाणू, म्हणजे डिसल्फोव्हिब्रिओ आणि त्यांचे भाऊबंद, ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. ते गाळातल्या लोहाशी मिळून काळं लोह सल्फाइड होतं. पण या जीवाणूंना अख्खा कागद खाता येत नाही. आधी क्लॉस्ट्रिडियमसारख्यांनी तो तोडून आम्लं आणि हायड्रोजन करायचा, मग यांची पंगत बसते. म्हणून जिप्सम नसलेल्या ‘ख’मध्येही काळं नाही आणि कागद नसलेल्या ‘ग’मध्येही फारसं नाही. दोन्हींपैकी एक तुटलं की साखळीचा पुढचा भाग सुरूच होत नाही.

वास आता झाकण उघडल्यावर चांगलाच जाणवतो. बाटल्या हवेशीर जागी ठेवाव्यात आणि तोंड जवळ नेऊन हुंगू नये. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. ‘वास गेला, बरं झालं’ असं समजायचं नसतं.

९ फेब्रुवारी. किडे

‘ग’मध्ये गाळाच्या वर बारीक लाल केस वळवळताना दिसले. ट्युबिफेक्स. डोकं गाळात, शेपूट वर पाण्यात. चाळणी जाड, त्यामुळे बारीक किडे आणि त्यांचे कोश सुटले होते. हे किडे खालचा गाळ खातात आणि वर आणून टाकतात. म्हणजे बाटलीत सतत नांगरट. ‘ग’मध्ये बोटभर खोलीपर्यंत सगळा गाळ तपकिरी, बिळाबिळांतून पाणी आणि ऑक्सिजन आत उतरलेला.

‘क’मध्ये तोच गाळ, तीच चाळणी, पण एकही किडा नाही. सल्फाइडने त्यांना राहू दिलं नाही. मी ‘ग’मधले किडे काढले नाहीत. थर का धरत नाहीत हे दाखवायला यापेक्षा चांगला नमुना मिळाला नसता. सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी, कँब्रियन काळाच्या तोंडाशी, प्राणी समुद्रतळ उभा खोदायला लागले तेव्हा जगभरच्या तळाच्या गाळात हेच सुरू झालं.

ज्यांना पट्टे हवेत त्यांनी चहागाळणीइतक्या बारीक जाळीतून गाळ काढावा.

२५ फेब्रुवारी. दिवा

‘क’च्या पाण्यात आणि वरच्या काचेवर हिरवं शेवाळ दाट. काळा थर चांगला जाड. जांभळं काहीच नाही. या टप्प्यावर रंगाचे डाग दिसायला हवे होते.

बाटल्या पांढऱ्या एलईडी दिव्याखाली होत्या. आपल्या डोळ्याला तो लख्ख वाटतो. पण जांभळ्या जीवाणूंचं मुख्य रंगद्रव्य, बॅक्टेरिओक्लोरोफिल, ८०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश शोषतं, म्हणजे आपल्याला न दिसणारा अवरक्त. हिरव्या गंधकजीवाणूंचं ७५० नॅनोमीटरच्या आसपास. पांढऱ्या एलईडीत ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे जवळपास काही नसतं. वरच्या शेवाळाला पोटभर आणि खालच्यांना उपास, अशी सोय मी करून ठेवली होती.

निसर्गात हीच विभागणी खालच्यांच्या फायद्याची ठरते. वरचं शेवाळ लाल आणि निळा प्रकाश खाऊन टाकतं, अवरक्त त्याच्या कामाचा नाही, तो तसाच खाली जातो. खालचे त्या उरलेल्यावर जगतात. पाणी स्वतःही अवरक्त शोषतं, म्हणून बाटलीत पाण्याचा थर फार जाड ठेवू नये.

बाटल्या खिडकीत हलवल्या, थेट ऊन न पडणाऱ्या. थेट उन्हात गाळ तापतो आणि शेवाळ काच झाकून टाकतं. खिडकी नसेल तर जुना तारेचा बल्ब हातभर अंतरावर. त्यातून अवरक्त भरपूर निघतं, पण उष्णताही, तेव्हा बाटली हाताला कोमट लागली तर बल्ब मागे घ्या.

या प्रकरणात जवळजवळ महिना फुकट गेला.

२० मार्च. जांभळं

‘क’मध्ये गाळाच्या वरच्या भागात, काचेला चिकटून, पहिले डाग. वाइनसारखा लालसर जांभळा. सलग पट्टा नाही, सुटे डाग. फक्त खिडकीकडच्या बाजूला. मागच्या बाजूने पाहिलं तर बाटली काळीच.

हे क्रोमॅशियम कुळातले जांभळे गंधकजीवाणू. ते प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात. वनस्पती पाणी फोडते आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. हे सल्फाइड फोडतात आणि गंधक उरतं, तेही पेशीच्या आत कणांच्या रूपात साठवतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कॉर्नेलिस व्हान नील यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला याच जीवाणूंवरून तर्क केला की वनस्पती सोडतात तो ऑक्सिजन पाण्यातून येत असला पाहिजे, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. तो तर्क पुढे खरा ठरला.

४ एप्रिल. हिरवं, आणि क्रम

जांभळ्याच्या खाली हिरवट-पिवळा पट्टा. आधी वाटलं शेवाळ खाली उतरलं. पण तिथे ऑक्सिजन नाही आणि सल्फाइड भरपूर, शेवाळ टिकणार नाही. हे क्लोरोबियमसारखे हिरवे गंधकजीवाणू.

वरून खाली आता असं आहे: पाण्यात शेवाळ आणि सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखेच ऑक्सिजन सोडणारे जीवाणू), गाळाच्या तोंडाशी तपकिरी-गंजकट पापुद्रा, मग तांबूस छटा, मग जांभळं, मग हिरवं, मग काळं. भरताना यातला एकही थर मी घातला नव्हता. मी फक्त तळाशी खाद्य आणि वर उजेड ठेवला. सल्फाइड खालून वर झिरपतं, ऑक्सिजन आणि उजेड वरून खाली येतात, आणि दोन्ही वाटेत संपत जातात. हिरव्यांना सल्फाइड जास्त सोसतं आणि उजेड फार कमी पुरतो, म्हणून ते खाली. जांभळ्यांना तितकं सल्फाइड सोसत नाही, म्हणून वर. शिवाय प्रत्येक थर स्वतःच्या खाण्याने शेजाऱ्याची हद्द ठरवतो. जांभळे-हिरवे सल्फाइड अडवतात म्हणून वरचं शेवाळ जगतं, आणि गाळाच्या तोंडाशी ऑक्सिजन संपतो म्हणून खालच्यांना धोका नाही. पाण्यात वायूचं पसरणं हवेतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट मंद असतं. त्या मंदपणावर हा सगळा डोलारा उभा आहे, आणि म्हणूनच ढवळायचं नाही.

काळ्या समुद्रात हीच मांडणी शेकडो मीटरच्या मापाने आहे. वरचं कमी खारं पाणी खालच्या जड पाण्यात मिसळत नाही. साधारण शंभर-दीडशे मीटरखाली ऑक्सिजन नाही, सल्फाइड आहे, आणि त्या समुद्राच्या एकूण पाण्यापैकी सुमारे ९० टक्के पाणी तसं आहे. तिथे शंभर मीटरच्या आसपास, जिथे आपल्याला अंधारच वाटेल, तिथे गंधकजीवाणूंची एक जात जगते.

११ एप्रिल. पहाटेची पांढरी साय

पहाटे अंधारात विजेरी घेऊन पाहिलं तर ‘क’मध्ये गाळाच्या तोंडावर पांढरी, जाळीदार साय. दिवस वर आला आणि ती नाहीशी. हे बेगियाटोआ, सरपटणारे तंतुजीवाणू. त्यांना सल्फाइड आणि ऑक्सिजन दोन्ही थोडेथोडे लागतात, म्हणजे दोघांची गाठ पडते ती अरुंद रेघ. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रेघ खाली सरकते. रात्री ते थांबतं, सगळेच श्वसन करतात, रेघ वर येते. तंतू तिच्या मागे फिरतात.

विनोग्राड्स्कीने स्ट्रासबुर्गमध्ये याच तंतूंवर काम केलं. सल्फाइड काढून घेतलं की पेशीतले गंधकाचे कण नाहीसे होतात, असं त्याला दिसलं. त्यावरून १८८७मध्ये त्याने मांडलं की हे जीव गंधकाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवतात. निर्जीव रसायनावर जगणारे जीव, ही कल्पना तिथून.

२२ एप्रिल. पट्टी सोलली

‘क’वरची काळी पट्टी काढली. तिच्याखाली वरपासून खालपर्यंत काळपट राखाडी उभा पट्टा, दोन्ही बाजूंना जांभळं-हिरवं, कडा सुरीने कापल्यासारख्या.

‘घ’ उघडून पाहिली: काळी ठिक्कर, रंग कुठेही नाही, पाण्यात पांढरी साय ‘क’पेक्षा कितीतरी दाट, कारण सल्फाइड वाटेत अडवायला कोणी नाही. ‘ख’मध्ये अजूनही बुडबुडे येतात. सल्फेट असलं की ते वापरणारे जीवाणू हायड्रोजन आणि ॲसिटेट (कागद तुटून होणाऱ्या आम्लांपैकी एक) आधी उचलतात आणि मिथेन करणाऱ्यांच्या वाट्याला थोडंच उरतं. ‘ख’मध्ये तो अडसर नाही. समुद्रतळापेक्षा गोड्या पाण्याच्या पाणथळीतून मिथेन जास्त सुटतो, त्याचं एक मोठं कारण हेच: समुद्राच्या पाण्यात सल्फेट पुष्कळ असतं.

१० मे

पट्टीखालची जागा जांभळी झाली. हिरवं अजून नाही.

जोडीला तांबड्या, लोहयुक्त मातीच्या गाळाची एक बाटली मार्चमध्ये भरली होती. ती नुसती काळी होते आहे. तयार झालेलं सगळं सल्फाइड लोह धरून ठेवतं, रंगीत जीवाणूंना सुटं मिळत नाही. वरून जिप्सम आणि थोडा कागद वाढवला. अशी माती टाळता आली तर टाळा.

२ जून. ‘क’ आडवी झाली

फोटोसाठी उचलताना बाटली हातातून निसटली, फुटली नाही पण आडवी होऊन हिंदकळली. सगळे पट्टे एकमेकांत. पाणी काळं, वास घरभर. खिडक्या उघडून बाटली उभी केली आणि जागेवर ठेवली. नवीन काही घातलं नाही.

३० जून

पाणी निवळलं, तपकिरी पापुद्रा परत आला, काळं खाली बसलं. जांभळे डाग दिसू लागले आहेत, जानेवारीच्या भरणीपेक्षा खूपच लवकर, कारण या वेळी वस्ती आधीच भरपूर आहे, फक्त विखुरलेली. जुन्या जागी नाहीत, गाळ जिथे बसला त्या नव्या उंचीवर आहेत. क्रम तोच.

१४ जुलै

हिरवं आलं, जांभळ्याखाली. बाटल्या चालू ठेवतो आहे. उडालेलं पाणी भरायला पावसाचं किंवा तळ्याचं वापरतो, कडेने हळू ओततो. ‘घ’ आणि ‘ख’ रिकाम्या करायच्या आहेत. ते काम उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून करायचं, आणि गाळ आणला त्याच तळ्याच्या काठाला पसरायचा. प्लास्टिकची बाटली गाळ काढल्यावरही वासाची राहते, धुण्यात वेळ घालवू नये.